चिनी 'लान' अक्षरात रंगाचा हौद आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नैसर्गिक नीळीने रंगवलेल्या स्टोल-दुपट्ट्यांच्या लेबलावर तुम्हाला 'लान' हे चिनी अक्षर छापायचं आहे. त्याची फोड तुम्ही कुठेतरी वाचली. वर गवत, खाली एक डोळा, एक वाकलेला माणूस आणि तळाशी भांडं, म्हणजे 'पाला भिजत घातलेल्या हौदात वाकून रंग उतरला का ते बघणारा रंगारी'. ही फोड खरी आहे का, आणि लेबलावर अक्षराखाली ती ओळ टाकावी का?

आधी उत्तर देऊन टाकते. अक्षराचा मूळ अर्थ नीळ देणारं झाड असाच आहे, त्यामुळे तुमची निवड चुकलेली नाही. हौद आणि रंगारी मात्र त्यात नाहीत. भांडं आहे, डोळा आहे, वाकलेला माणूसही आहे, पण ती मंडळी तिथे आली तेव्हा नीळीचा विषयच नव्हता. अक्षर वापरा, ओळ टाकू नका.

मी चिनी शिकवते आणि कापड व रंग-रसायनांच्या धंद्यातल्या कागदपत्रांची भाषांतरं करते, त्यामुळे हे अक्षर माझ्या टेबलावर सारखं येत असतं. वर्गात अशा चित्रकथांना माझा विरोध नसतो. अक्षर लक्षात ठेवायला कुणी रंगाऱ्याची गोष्ट रचली तर खुशाल रचावी. पण अक्षर लक्षात ठेवायची युक्ती आणि अक्षराचा इतिहास या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. छापील लेबलावर पहिली गोष्ट दुसरीच्या नावाने गेली, की चिनी वाचता येणारं पहिलंच गिऱ्हाईक ती पकडतं.

अक्षर (藍) तुमच्यासमोर आहेच, त्याकडे बघत वाचा. सगळ्यात वर जी आडवी रेघ आणि तिला छेदणाऱ्या दोन उभ्या रेघा आहेत, ते 'गवत' हे अंग. ते दिसलं की शब्दाचा वनस्पतीशी संबंध आहे एवढं कळतं. त्याखालचा सगळा भाग हे स्वतंत्र, जुनं अक्षर आहे. आजच्या चिनीत त्याचा उच्चार 'च्येन' आणि अर्थ देखरेख करणे. तुरुंगाच्या चिनी शब्दात हेच अक्षर येतं.

या 'च्येन'चं मूळ खरोखर चित्रात आहे. शांग राजवटीत, म्हणजे इसवी सनापूर्वी तेराव्या ते अकराव्या शतकांत, हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर कोरलेल्या लेखांत ते सापडतं. पाण्याचं भांडं, शेजारी माणूस, आणि त्या माणसाचा डोळा मुद्दाम मोठा काढलेला. तो पाण्यात स्वतःचं प्रतिबिंब बघतो आहे. आरसे सर्रास नव्हते तेव्हा पाण्याचं भांडं हाच आरसा होता. प्राचीन राजाज्ञांच्या संग्रहात एक वचन आहे, त्याचा आशय असा की माणसाने पाण्यात तोंड पाहू नये, प्रजेत पाहावं. तिथे 'पाहावं' या क्रियापदाच्या जागी हेच अक्षर आहे. पुढे आरशासाठी 'धातू' हे अंग जोडून वेगळं अक्षर झालं आणि मूळ अक्षराकडे लक्ष ठेवणं, देखरेख करणं हा अर्थ राहिला.

म्हणजे तुम्ही वाचलेल्या फोडीतले सुटे भाग बरोबर ओळखलेले आहेत. घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. 'च्येन'मधलं भांडं साध्या पाण्याचं. त्या तयार अक्षरावर नंतर कुणीतरी गवत चढवलं आणि 'लान' केलं. ते चढवताना त्याला भांड्याची गरज होती की फक्त 'च्येन'च्या आवाजाची, हा खरा प्रश्न आहे.

गरज आवाजाची होती. चिनी अक्षरांतली बहुसंख्य अक्षरं अशीच घडलेली आहेत: एक अंग विषय सांगतं, दुसरं उच्चार सुचवतं. शू शन या पंडिताने इ.स. 100 मध्ये पूर्ण केलेल्या अक्षरकोशात 'लान'ची नोंद अगदी आटोपशीर आहे. 'छिंग रंगवायचं गवत. गवत हे अंग, च्येन हा ध्वनी.' इतकंच. ('छिंग' हे रंगाचं नाव, त्याबद्दल पुढे येतेच.) हा कोशकार चित्रार्थ सांगायला कमी करणारा नव्हता. जिथे त्याला दोन अंगांचा अर्थ जुळताना दिसला तिथे त्याने तसं लिहिलं आहे. इथे त्याने सरळ 'ध्वनी' म्हटलं.

कोशकार चुकूही शकतो. शू शनला शांग काळातले ते हाडांवरचे लेख पाहायला मिळालेच नव्हते, आणि त्याच्या काही व्युत्पत्त्या आज टिकत नाहीत. म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते की एकट्या अक्षराकडे बघू नका, त्याचं घराणं बघा. 'च्येन'वर बांबू चढवला की 'लान', म्हणजे टोपली. पाणी जोडलं की 'लान' (उतरत्या सुरात), म्हणजे वाहून जाणं, अतिरेक. नाव जोडली की 'च्येन', युद्धनौका. लाकूड जोडलं की कठडा, उंबरठा. टोपलीत रंगारी वाकून बघत नाही आणि युद्धनौकेत नीळ भिजत नाही. या सगळ्यांत सामाईक आहे तो आवाज. तुमच्या फोडीतला रंगारी फक्त एका अक्षरात उभा राहतो आणि बाकीच्या भावंडांत त्याला जागाच मिळत नाही.

इथे एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. याच घराण्यात 'पाहणी करणे, नजर फिरवणे' या अर्थाचं एक अक्षर आहे, त्याचा उच्चारही 'लान'. त्यात 'च्येन'खाली पुन्हा 'पाहणे' हे अंग आहे. तिथे 'च्येन' आवाजही देतो आणि अर्थालाही हातभार लावतो. अशी दुहेरी कामगिरी चिनीत होते, त्यामुळे 'ध्वनिघटकाला कधीच अर्थ नसतो' असं म्हणणं चुकीचं ठरेल. प्रत्येक अक्षराचा निकाल स्वतंत्र लावावा लागतो. नीळीच्या 'लान'साठी अर्थाचा पुरावा नाही आणि आवाजाचा भरपूर आहे.

तुम्ही म्हणाल, 'च्येन' कुठे आणि 'लान' कुठे, आवाज जुळतोच कुठे? रास्त शंका आहे. आजच्या उच्चारात जुळत नाही, पण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी जुळत होता. जुन्या चिनीत 'क्र'सारखी जोडव्यंजनं होती असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्यातल्या काही शब्दांत 'क' टिकला आणि त्याचा पुढे 'च्य' झाला, काहींत 'क' गळून 'र' उरला आणि त्याचा 'ल' झाला. हे एकाच जोडीपुरतं नाही. पेइचिंग नावातलं 'चिंग' हे अक्षर घ्या, त्याला पाणी जोडा, की 'ल्यांग' होतं, म्हणजे गार. तोच 'च'-'ल'चा खेळ. म्हणजे 'च्येन' आणि 'लान' दोघांचं जुनं रूप साधारण 'क्राम'च्या आसपासचं.

याला बाहेरून दुजोरा मिळतो तो थाई भाषेतून. थाईत नीळीला 'ख्राम' म्हणतात, आणि लिहिताना पहिलं अक्षर वापरतात ते भारतीय लिप्यांतल्या 'ग'च्या जागचं. म्हणजे लेखनाप्रमाणे 'ग्राम'. शब्द कोणी कोणाकडून घेतला यावर वाद घालता येईल. पण तो कोणत्याही दिशेने गेलेला असो, नीळीच्या नावात एके काळी कंठ्य व्यंजन, 'र' आणि शेवटी 'म' होता एवढं त्यातून दिसतं.

त्या शेवटच्या 'म'ची साक्ष तर आपल्याच घरात आहे. आजची प्रमाण चिनी भाषा शब्दाच्या शेवटी 'म' उच्चारतच नाही, सगळ्याचा 'न' करते. कँटनीजमध्ये मात्र हे अक्षर आजही 'लाम' आहे, व्हिएतनामी उच्चारात 'लाम', कोरियन उच्चारात 'राम'. आणि बौद्ध ग्रंथांची भाषांतरं सुरू झाली तेव्हा भिक्षूंच्या विहाराला असलेला संस्कृत शब्द 'संघाराम' चिनी अक्षरांत उतरवायचा होता, त्यातल्या 'राम'साठी भाषांतरकारांनी हेच नीळीचं अक्षर निवडलं. पुढे त्याचं संक्षिप्त रूप 'छ्येलान' रूढ झालं. ल्वोयांग शहरातल्या विहारांचं सहाव्या शतकातलं प्रसिद्ध वर्णन याच शब्दाखाली आहे. बुद्धाचं जन्मस्थान लुंबिनी, तेही चिनीत 'लान-पी-नी' असं याच अक्षराने लिहितात. तिथे कुणी 'निळा विहार' किंवा 'निळी लुंबिनी' असा अर्थ काढत नाही, कारण तो नुसता आवाज आहे. याच मंडळींनी 'गवताखालचं भांडं' म्हणून त्यात तत्त्वज्ञान शोधलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी कधी कधी करते.

एवढं झालं अक्षराच्या घडणीबद्दल. आता अर्थाकडे येते, आणि मला स्वतःला हा भाग जास्त आवडतो.

शू शनच्या नोंदीतले 'छिंग रंगवायचं गवत' हे शब्द पुन्हा बघा. रंगाचं नाव 'छिंग', झाडाचं नाव 'लान'. आजच्या चिनीत 'लान' म्हणजे निळा, पण जुन्या चिनीत निळ्याला 'लान' म्हणत नसत. 'छिंग'चा पल्ला मोठा होता. आभाळ छिंग, कोवळं गवत छिंग, काळेभोर केसही छिंग. 'लान' हे मात्र शेतात उगवणारं, खुडायचं, कापायचं पीक होतं.

'शीचिंग' या सगळ्यात जुन्या चिनी काव्यसंग्रहात वाट पाहणाऱ्या एका बाईचं गाणं आहे. तिच्या तोंडी आहे: सकाळभर लान खुडलं, ओटी काही भरली नाही; पाच दिवसांची बोली होती, सहावा आला तरी त्याचा पत्ता नाही. मूळ शब्द कमरेला पुढून बांधायच्या कापडाचा आहे. मराठीत 'ओटी' म्हटलं की चित्र चटकन उभं राहतं. निळा रंग ओटीत खुडता येत नाही. गंमत म्हणजे याच गाण्याच्या पहिल्या कडव्यात ती 'ल्यू' खुडते. आज 'ल्यू' म्हणजे हिरवा, पण टीकाकारांच्या मते इथे ते पिवळा रंग देणारं एक गवत आहे. म्हणजे आजच्या शब्दकोशाने भाषांतर केलं तर ती बाई सकाळभर 'हिरवा' आणि 'निळा' वेचत बसते.

'लीची' नावाच्या विधिग्रंथात (फळाशी संबंध नाही) महिन्यांचे नियम दिले आहेत. उन्हाळ्याच्या मधल्या महिन्यात लोकांना रंगासाठी लान कापू देऊ नये, अशी आज्ञा तिथे आहे. टीकाकार कारण सांगतो की या महिन्यात रोपं नुकती वेगळी करून लावण्याजोगी होतात. आताच कापली तर वाढ मारली जाते. पिकावर निर्बंध घालावा लागतो याचा अर्थ ते रानात सापडेल तेवढं आणायचं गवत राहिलं नव्हतं, त्याची रीतसर लागवड होत होती.

मग येतं सगळ्यांना ठाऊक असलेलं वचन. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला विचारवंत शुन्-त्झ (युद्धकलेवाला सुन त्झु तो हा नव्हे) शिक्षणावरच्या निबंधाची सुरुवात करतो: 'छिंग लानपासून काढतात, पण ते लानहून छिंग असतं.' यावरून चिनीत म्हण पडली, शिष्य गुरूच्या पुढे गेला की ती वापरतात. आपल्याकडे 'शिष्यादिच्छेत् पराजयम्' म्हणतात त्या जागी. नवशिके हमखास भाषांतर करतात: 'निळा निळ्यापासून येतो आणि निळ्याहून निळा असतो.' वाक्य फिरत राहतं, अर्थ लागत नाही. शुन्-त्झने पुढच्याच ओळीत किल्ली ठेवली आहे: 'बर्फ पाण्याचाच होतो, पण पाण्याहून गार असतो.' पाणी कच्चा माल, बर्फ त्यातून तयार झालेली वस्तू. तसंच लान हे झाड आणि छिंग हा त्यातून निघालेला रंग.

रंगाचं काम करणाऱ्याला तर हे समजावून सांगावंच लागत नाही. नीळीचं पान झाडावर हिरवंगार असतं, निळेपणाची खूण नसते. पान चुरगळून ठेवलं की थोड्या वेळाने चुरगळलेल्या कडा निळसर-करड्या पडतात. पानात रंग नसतोच, रंगाचं रंगहीन पूर्वरूप असतं. पान कुजलं-भिजलं की ते सुटं होतं आणि हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडली की निळं होतं. तुम्ही कापड हौदातून पिवळट-हिरवं बाहेर काढता आणि ते हवेत डोळ्यांदेखत निळं होतं, तोच प्रकार. 'लानपासून निघालेलं लानहून छिंग' हे वाक्य ज्याने हे पाहिलं आहे त्याला अतिशयोक्ती वाटत नाही.

माझ्या मते सगळ्यात पक्का पुरावा एका लाल फुलाचा आहे. करडई आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्यात तेलासाठी पेरतात, पण तिच्या पाकळ्यांतून लाल रंग निघतो, तोच आपला कुसुंबी. जुन्या चिनीत करडईचं नाव 'होंगलान', शब्दशः 'तांबडं लान'. लान म्हणजे निळा असं धरलं तर 'तांबडा निळा' असा काहीतरीच अर्थ होतो. लान म्हणजे रंग देणारं झाड असं धरलं की नाव लख्ख होतं: तांबडा रंग देणारं झाड. जपानीतही असंच घडलं. तिथे नीळीला 'आय' म्हणतात आणि ते याच अक्षराने लिहितात; आणि गडद लालसाठी असलेला 'कुरेनाई' हा शब्द 'कुरे-नो-आय', म्हणजे 'चीनकडची नीळ', यातून आला आहे. तिथेही नीळीचं नाव रंगझाडाचं सर्वसाधारण नाव होऊन लाल फुलाला चिकटलं.

पुढे हळूहळू 'लान' रंगाकडे सरकलं. थांग काळातला कवी बाय च्यूयी (772–846) लिहितो की वसंतात नदीचं पाणी 'लानसारखं हिरवं' होतं. आजच्या वाचकाला 'निळ्यासारखं हिरवं' खटकतं; कवीच्या डोळ्यांसमोर झाड ठेवलं तर काहीच खटकत नाही. आज 'लान' हा निळ्याचा रोजचा शब्द आहे आणि 'छिंग' उरला आहे तो ठरावीक जोडशब्दांत: पालेभाजी, तारुण्य वगैरे.

इथे मराठी माणूस एक सोपी चूक करतो, तुमच्या प्रश्नातही ती डोकावते आहे. आपल्याकडे नीळ आणि निळा, म्हणजे झाडावरून रंग, तसंच चिनीतही, असं तुम्ही लिहिलं आहे. आपल्याकडे प्रवास उलटा आहे. 'नील' हा गडद रंगाचा शब्द संस्कृतात फार जुना. ऋग्वेदात अग्नीला 'नीलपृष्ठ' म्हटलं आहे. झाडाला 'नीली' हे नाव त्या रंगावरून पडलं. चिनीत झाड आधी, रंग नंतर. आणि आपला 'नील' पुढे अरबी, पोर्तुगीज असा फिरत रसायनशास्त्रात 'अॅनिलिन' होऊन बसला, ती वेगळी कहाणी.

तर मग लान म्हणजे नेमकं कोणतं झाड? इथे 'परिस्थितीवर अवलंबून' हेच उत्तर आहे. लान हे वनस्पतिशास्त्रीय नाव नाही, धंद्यातलं नाव आहे. ज्या झाडातून नीळ निघते ते लान. सतराव्या शतकात सोंग यिंगशिंगने उद्योगधंद्यांवर लिहिलेल्या ग्रंथात (1637) स्पष्ट म्हटलं आहे की लान पाच प्रकारचं, आणि पाचांतूनही नीळ होते. जुन्या उत्तरेकडच्या ग्रंथांतलं लान बहुधा 'ल्याओलान', पाणथळ जमिनीत येणारं. जपानची नीळ आजही याचीच. 'सोंगलान' म्हणजे कोबीसारख्या पानांचं; त्याच्या मुळांचं औषध 'पानलानकन' चीनमध्ये सर्दी-तापाला घरोघर घेतात. यंत्राने केलेल्या भाषांतरात त्याचं 'निळं मूळ' झालेलं मी पाहिलं आहे. तपकिरी दाण्यांचं पाकीट आणि वर 'निळं मूळ'. तिसरं 'मालान', दक्षिणेकडच्या डोंगराळ, ओलसर भागांतलं. हे आपल्या सह्याद्रीतल्या कारवीच्याच प्रजातीतलं भावंड आहे. जिच्या कुडाच्या भिंती होतात आणि जी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते तीच कारवी. कारवीतून कुणी नीळ काढत नाही, पण मणिपूरमध्ये हे मालान 'कुम' नावाने रंगासाठी वापरतात. आणि आपली नीळ, चंपारण्यात 1917 साली जिच्या सक्तीवरून सत्याग्रह झाला ती, चिनीत 'मूलान', म्हणजे लाकडी खोडाचं लान.

झाडं चार कुळांतली, पण पद्धत एकच. सहाव्या शतकात 'च्या सश्ये' नावाच्या अधिकाऱ्याने शेतीवर लिहिलेल्या मोठ्या ग्रंथात लानचं स्वतंत्र प्रकरण आहे; त्याच्या आधीचं प्रकरण 'तांबड्या लान'चं, म्हणजे करडईचं. कृती अशी: शंभरेक पेंढ्या मावतील असा खड्डा खणून मातीने लिंपायचा, कापलेलं लान त्यात उलटं उभं करायचं, पाणी सोडायचं, वरून लाकूड-दगडाचं वजन ठेवायचं. उन्हाळ्यात एक रात्र, गारव्यात दोन. मग काड्या काढून पाणी रांजणात घ्यायचं. दहा माप पाण्याच्या रांजणाला चुना त्याच मापाने शेकडा दीड, आणि जेवण होईल इतका वेळ हाताने भराभर घुसळायचं. नंतर निवू द्यायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं, खालचा गाळ दाट पेजेसारखा झाला की नीळ तयार. चुन्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि गाळ बसायला मदत होते, घुसळण्याने हवा मिळते. तुमच्याकडेही याहून फार वेगळं होत नसणार. च्या सश्ये हिशेबही देतो: दहा मू (जमीन मोजायचं चिनी माप) जमिनीतलं लान शंभर मू धान्याच्या बरोबरीचं, आणि स्वतः रंगवता येत असेल तर नफा आणखी दुप्पट. लेबलावर टाकायला ही ओळ वाईट नाही, असं उगाच मनात येतं.

आता लेबलाचं बघू. नुसतं एक अक्षर 'लान' छापलं तर आजचा चिनी वाचक 'निळा' असं वाचेल. काहींना ते आडनावही वाटेल, कारण 'लान' हे आडनाव आहे. तैवानमध्ये निळा हा एका राजकीय आघाडीचाही रंग आहे; कापडावर कुणी तसं वाचणार नाही, तरी माहीत असावं. तुम्हाला 'नीळीने रंगवलेलं' म्हणायचं असेल तर दोन अक्षरं घ्या: 'लानरान', लान आणि रंगवणे. चीन, तैवान, जपान तिन्हीकडे नीळीच्या रंगकामाला हाच लिखित शब्द आहे, उच्चार वेगळे. 'त्येनलान' हा शब्द सुचवला जाईल, तो टाळा. तो बरोबर आहे, पण कारखान्यातल्या रासायनिक नीळीच्या ड्रमवरही तोच असतो, आणि तुमचा सगळा मुद्दा नैसर्गिक रंगाचा आहे.

अक्षराची दोन रूपं आहेत. मोजणीप्रमाणे सतरा किंवा अठरा रेघांचं जुनं रूप तैवान, हाँगकाँग आणि जपानमध्ये चालतं, तेरा रेघांचं सोपं रूप चीन आणि सिंगापूरमध्ये. माल कुठे जाणार त्यावर ठरवा. नुसती शोभा म्हणून हवं असेल तर जुनं घ्या. त्यातला उभा डोळा अजून डोळ्यासारखा दिसतो, सोप्या रूपात त्याच्या फक्त दोन उभ्या रेघा उरल्या आहेत.

आणि गोष्ट हवीच असेल तर ती 'रान'मध्ये आहे. त्या अक्षरात पाणी, नऊ आणि झाड असे तीन भाग दिसतात. शू शनच्या कोशाच्या दहाव्या शतकातल्या आवृत्तीत यावर एक टीप उद्धृत केली आहे: झाड म्हणजे रंग देणारी वनस्पती, नऊ म्हणजे कापड किती वेळा बुडवायचं तो आकडा. हीसुद्धा अक्षर घडल्यानंतर बऱ्याच काळाने केलेली फोड आहे, म्हणून मी तिला व्युत्पत्ती म्हणणार नाही. पण ती हजार वर्षं जुनी आणि चिनी पंडितांचीच आहे. 'जुन्या टीकाकारांच्या मते' असं लिहून ती छापलीत तर कुणी तुम्हाला खोटं पाडणार नाही.

छपाईआधी प्रूफ चिनी वाचणाऱ्या कुणाला तरी दाखवा, आणि दोन जागा मुद्दाम तपासायला सांगा. 'रान'मधल्या 'नऊ'ला पोटात टिंब देऊन टाकणं ही चिनी लोकांचीही नेहमीची चूक आहे; टिंब नको. आणि संगणकावर 'लान' टाइप केलं की आमरीचं, म्हणजे ऑर्किडचं अक्षरही त्याच यादीत येतं, कारण आजचा उच्चार तोच आहे. डिझायनरला चिनी येत नसेल तर तो यादीतलं कोणतंही उचलेल, आणि तुमच्या दुपट्ट्यावर 'आमरीने रंगवलेलं' असं छापलं जाईल.